पोपटनं माझ्या चाव्या पळवल्या

पिणाऱ्यांचे किस्से साठतात ते न पिणाऱ्याकडे, कारण दुसऱ्या दिवशी आठवत असतं ते फक्त त्यालाच. आमच्या टोळक्यात तो न पिणारा मी. कापूरहोळला माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. जत्रा असो की साखरपुडा, मटणाच्या पंगतीआधी सगळे आपापल्या गाड्यांच्या चाव्या माझ्या खिशात टाकायचे. मी हो म्हटल्याशिवाय चावी परत मिळायची नाही. म्हणून माझं नाव पडलं 'लॉकर'. एवढाच काय तो माझा मान.

बाकी सगळा मान पोपटचा. पोपट शेजारच्या वरवे गावचा, माझा शाळेपासूनचा दोस्त, पिकअपमधून भाजी मार्केटला नेतो. दोन ग्लास पोटात गेले की नकला करायचा, गाणी म्हणायचा, म्हाताऱ्यांना नाचवायचा. माझी बायकोसुद्धा निघताना विचारायची, "पोपटभाऊ येणारेत ना?" मी येणार आहे का, हे कधी कुणी विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, मी जळायचो.

*

मी पीत नाही यात माझं काही कर्तृत्व नाही. भोरला कॉलेजात असताना एकदा घेतली होती. अर्धा ग्लास संपायच्या आत अंगभर पित्ताच्या गांधी उठल्या, डोळे सुजले, आणि डॉक्टर म्हणाले, तुमच्या शरीराला ही सोसत नाही, पुन्हा वाटेला जाऊ नका.

हे मी पोपटला खासगीत सांगितलं. त्यानं ते भर पंगतीत जाहीर केलं.

"ह्याच्या अंगातच दारूबंदी हाय! थेंब गेला की गांधी उठत्यात!"

लोकांना हसून हसून ठसका लागला. अंग माझं, गांधी माझ्या, आणि टाळ्या पोपटला.

*

एकदा पोपट चावीसाठी हटूनच बसला. म्हणे, घेतल्यावर माझा हात उलट जास्त बसतो. मी म्हटलं, दाखव. शेजारच्या मोकळ्या रानात दोन्ही बाजूंनी विटा मांडल्या आणि माझी जुनी स्कूटर दिली. मधून सरळ जायचं, बस.

पहिली वीट डावीकडची गेली, मग उजवीकडच्या दोन. शेवटी स्कूटर घाणेरीच्या झुडपात शिरली. पोपट उठला, कपडे झटकले आणि रागानं आमच्याकडं बघत म्हणाला, "इटा कुणी सरकावल्या?"

तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. हात-पाय नंतर बिघडतात, आपण बिघडलोय हे कळायची अक्कल आधी जाते. पण हे माझं वाक्य कुणाच्या लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिला पोपट. भर उन्हात विटा मी वाहिल्या होत्या!

*

आमच्यात वयानं मोठे म्हणजे नाना, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. प्यायलेल्याला गार पाण्यानं आंघोळ घातली की उतरते, यावर त्यांची श्रद्धा. एका जत्रेत त्यांनी पोपटला आधी लिंबूपाणी पाजलं, मग कोरा चहा, मग थेट विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपाखाली उभा केला. मी सांगत होतो, नाना, लिव्हर आपल्या चालीनं चालतं, त्याला घाई करता येत नाही. नानांनी हातानंच मला गप्प केलं.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "उतरली का रं?"

पोपटचे दात वाजत होते. "न्हाई नाना. हाय तेवढीच हाय, फकस्त भिजली."

म्हणजे बरोबर मी होतो, आणि हशा पुन्हा त्याचा.

*

एक किस्सा मात्र आम्ही पंगतीत सांगत नाही.

वेल्ह्याला एक पूजा होती. गॅरेजमध्ये काम होतं म्हणून मी गेलो नव्हतो, त्यामुळं पोपटची चावी पोपटकडंच राहिली. दुपारी दोन ग्लास घेऊन, जेवून तो एकटाच परत निघाला. वळणावर धनगरांची शेरडं रस्ता ओलांडत होती. त्याला ती लांबून दिसली. भरपूर वेळ आहे असं वाटलं, आणि ब्रेकवर पाय पडला तेव्हा एक शेळी गाडीखाली गेलेली होती.

तो तसाच माझ्या गॅरेजवर आला. वाकलेल्या बंपरला टेकून उभा राहिला.

"ती शेरडांवाली बाई वराडली न्हाई रं," तो म्हणाला. "नुसती म्हनली, भाऊ, शेळीच्या मागं म्या व्हते."

त्या दिवसापासून पोपटनं ग्लासाला हात लावलेला नाही.

*

आता खरं दुखणं सांगतो. पोपटनं सोडली आणि गावोगाव कौतुक सुरू झालं. नानांनी त्याला जत्रेत नारळ दिला, फेटा बांधला. केवढा निर्धार, म्हणे. अरे, मी जन्मात अर्धा ग्लास प्यायलेला माणूस! मला साधी टोपी कुणी दिली? न पडणाऱ्याला कोण विचारतो, पडून उठणाऱ्याच्या गळ्यात हार.

बरं, वाटलं होतं, न पिता हा गप्प होईल. कसला! नकला त्याच, गाणी तीच, फक्त आता शब्द विसरत नाही.

*

नानांच्या मुलीचा साखरपुडा भोरला होता. दुपारची पंगत. सवयीनं मी मांडवाच्या तोंडाशी खिसा उघडून उभा राहिलो. आतून पोपटनं टोपी काढून पुढं धरली आणि म्हणाला, "टाका चाव्या!"

सगळे माझ्यासमोरून गेले आणि चाव्या टोपीत पडल्या. माझ्या बायकोनंसुद्धा आपल्या स्कूटीची चावी हसत हसत टोपीत टाकली. मला म्हणाली, "तुम्ही आज निवांत जेवा."

मी निवांत मांडवामागं गेलो. तिथं पाहुणेमंडळी बसली होती. कुणीतरी ग्लास पुढं केला, आणि मी तो घेतला. तोही पूर्ण.

मला काहीही झालं नाही. डोकं एकदम साफ होतं. मान जरा खाजत होती, तेवढंच. मी ठरवलं, आपली बाइक काढायची आणि कुणाला न सांगता निघून जायचं. बाइकवर बसलो, खिशातून चावी काढली. चावी आत जाईना. उलटी लावली, सुलटी लावली. मान वर केली तर पोपट टोपी घेऊन समोर उभा, त्याच्यामागं नाना, नानांच्या मागं माझी बायको.

मी रागानं विचारलं, "कुलूप कुणी बदललं?"

पोपट हसला नाही. माझ्या मानेवरच्या गांधींकडं बघत त्यानं टोपी पुढं धरली.

"टाक," तो म्हणाला. "आणि उतर. ही नानांची गाडी हाय."