बिजाच्या घागरी आणि आडवी जीप

परवा माझ्या फाटकासमोर कोणीतरी मोटार लावून निघून गेलं. आटोवाला बाहेर हॉर्न वाजवतोय, मी आत चप्पल घालून उभी, डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ टळून चाललेली. अर्ध्या तासाने एक सद्गृहस्थ हातात मिठाईचा डबा घेऊन डुलत डुलत आले आणि म्हणाले, "सॉरी हं आजी, दोनच मिनिटं लागली." माझं डोकं असं सणकलं की काय सांगू! मी त्यांना जे काही ऐकवलं ते ऐकून शेजारणीने खिडकी लावून घेतली. सून म्हणाली, "आई, एवढ्याशा गोष्टीसाठी किती संतापता!"

एवढीशी गोष्ट! बाई गं, तुला काय माहीत. कोणाच्या गाडीमागे गाडी लावून चालतं होणं ही एवढीशी गोष्ट नाही, हे मी एकोणीस वर्षांची होते तेव्हापासून जाणते. तेव्हा चंद्रपूरला आम्ही चांदा म्हणायचो.

आम्ही ढिवर. चांद्याहून पाच कोसांवर आमचं गाव आणि गावाच्या उशाला मोठं तळं. तळ्यातली मासळी पिढ्यान् पिढ्या मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची. जाळं आमचं, अंग आमचं भिजायचं, मासा मात्र त्याच्या हुकमाने निघायचा. मालगुजारी गेली आणि दोन-तीन वर्षं अर्ज-विनंत्या करून तळं आमच्या लोकांच्या सोसायटीला मिळालं. पुढारी माझा बाप. पहिल्याच पावसाळ्यात ठरलं की या तळ्यात आपण आपलं बीज सोडायचं, रोहू आणि कतल्याचं. ते यायचं कलकत्त्याकडून, रेल्वेने, मातीच्या घागरींतून. जिऱ्याएवढी पिल्लं, म्हणून आमच्यात त्याला जिरंच म्हणतात. एकदा तळ्यात पडलं की पुढच्या उन्हाळ्यात गावातल्या प्रत्येक चुलीवर त्याची आमटी आणि उरलेल्याचा बाजार. न पडलं तर पुन्हा वर्षभर दुसऱ्याच्या बांधावर मजुरी. इतकं साधं गणित होतं.

दहा घागरी होत्या. आणायला आम्ही चौघं गेलो, दोन बंड्या म्हणजे बैलगाड्या घेऊन: बाबा, काका, वहिनी आणि मी. आम्हा दोघींना हौस म्हणून नव्हतं नेलं. जिऱ्याच्या घागरीत पाणी सारखं हलतं ठेवावं लागतं. हात घालून थापटत राहायचं, थापटत राहायचं. हात थांबला की पिल्लं वर येऊन तोंड उघडतात आणि जरा वेळाने तळाशी बसतात. बसली की मेली. गाडीतून आलेला कलकत्त्याचा माणूस दोन रात्री झोपला नव्हता. घागरी आमच्या हवाली केल्या आणि तो तिथेच फलाटावर आडवा झाला.

स्टेशनाबाहेरच्या आवारात त्या दिवशी बंड्यांची ही गर्दी. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला सागाच्या लठ्ठ्यांची रास, मधल्या बोळात आमच्या दोन बंड्या. आता आमच्याकडे बंड्या लावायची एक रीत होती. ती ऐका, म्हणजे पुढचं कळेल. दाटी असली की कोणीही कोणाच्या मागे बंडी लावायचा, त्यात वावगं नव्हतं. पण बैल चाकाला बांधून ठेवायचे. मागच्या बंडीचा धनी नसला तरी पुढच्याने त्याचेच बैल जुंपायचे, बंडी बाजूला घ्यायची, आपली काढायची आणि त्याची परत जागेवर लावायची. कोणाला विचारायला नको. मात्र बैल सोडून नेले असतील, बंडी एकटीच आडवी असेल आणि धनी कोणाला काही सांगून गेला नसेल, तर समजायचं की त्या माणसावर काहीतरी संकट कोसळलंय. बैल पडला असेल, घरात कोणी गेलं असेल. अशा बंडीला हात लावायचा नाही. थांबायचं. ती सुतकातली बंडी. माझ्या बापाने ही रीत जन्मभर पाळली होती.

घागरी बंडीत चढवून, ओली फडकी बांधून आम्ही बैल जुंपायला वळलो, तर मागे जीप. बोळाच्या तोंडावर, आडवी, अशी नेमकी की बाजूने बकरी निघाली नसती. आत माणूस नाही, ड्रायव्हर नाही.

"कोणाची हो ही?" काकांनी हमालांना विचारलं.

"ठेकेदार साहेबाची. बांबूवाल्या. पाहुणा उतरला त्याईचा, त्याले घेऊन गेले कुठी तरी."

"सांगून गेले का काही?"

"नाई बाप्पा. आम्हाले काय सांगते!"

हमालांपैकीच एक म्हणाला, "ढकला ना भाऊ, आम्ही लावतो हात." मला तेच वाटत होतं. वहिनीला तेच वाटत होतं. मी तर एक हात घागरीत ठेवून दुसऱ्या हाताने पदर खोचलासुद्धा.

बाबा म्हणाले, "हात लावाचा नाई."

"काऊन?" काकांनी विचारलं.

"एवढा मोठा माणूस अशी आडवी गाडी सोडून, कोणाले न सांगता जाईन का? आगगाडीतून माणूस उतरला म्हणते. काही बातमी घेऊन आला असंन. घरी काही झालं असंन बिचाऱ्याच्या."

बिचाऱ्याच्या! आजही हा शब्द आठवला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. बाबांनी जीपकडे पाहिलं ते एखाद्या घरासमोर तिरडी बांधताना पाहावं तसं. शेजारच्या बंडीचा बैल जीपच्या टपाचं कापड चाटत होता, त्यालाही त्यांनी हाकललं.

आणि मग त्यांनी काय केलं? काकांना सरकारी दवाखान्यात पाठवलं. स्वतः तारघरात गेले. संकटातला माणूस जिथे सापडायचा तिथे शोधावा, हा त्यांचा हिशोब. दवाखान्यात नाही तर धर्मशाळेत, धर्मशाळेत नाही तर नदीकडे, घाटावर. साऱ्या चांद्यात माझा बाप आणि माझा काका त्या ठेकेदाराचं दुःख शोधत फिरले. आणि दहा घागरींना हात उरले आम्हा दोघींचे.

तुम्ही करून पाहा. दोन बायका, चार हात, दहा घागरी. एका बंडीवरून दुसऱ्या बंडीवर उड्या मारत होतो. पाऊस उघडला होता आणि ऊन असं चटचट लागत होतं की घागरीचा काठ हाताला गरम लागावा. या घागरीत थापटावं तर ती थांबते, तिच्याकडे धावावं तर ही. वहिनी सहा महिन्यांची गरोदर. तिचे ओठ पांढरे पडले तरी ती थांबेना. मी म्हटलं, "वहिनी, बस जराशी." ती म्हणाली, "मी बसलो तं हे बसंन ना वो बाई." हे म्हणजे जिरं.

तास गेला. आगगाडी कधीच निघून गेली होती. मी हमालांना म्हटलं, "या ना भाऊ, ढकला. बाबाले मी सांगतो." हमाल म्हणाले, "तुया बापच नाई म्हणून गेला, बाई. आता आम्ही कसा हात लावाव?" बघा, बापाचा शब्दसुद्धा आडवा लागून राहिला होता. मला त्या जीपचाही आला नव्हता इतका बाबांचा राग आला. चांगुलपणालाही काही वेळकाळ असतो की नाही? एका घागरीत पाणी शांत झालं होतं. मी हात घातला तर तळाला मऊ मऊ काहीतरी बोटांना लागलं. मी रडले. थापटता थापटता रडले, डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता.

बाबा आणि काका घामाने निथळत परत आले, रिकाम्या हाताने. आणि ते येऊन टेकतात न टेकतात तोच समोरच्या हॉटेलातून ठेकेदार बाहेर पडला.

समोरच्या! आमच्यापासून शंभर पावलांवर. पुरी-भाजी झाली होती, चहा झाला होता, तोंडात पान होतं आणि पाहुण्याच्या खांद्यावर हात टाकून कसल्याशा गोष्टीवर तो खो खो हसत येत होता. ड्रायव्हर मागून दात कोरत. सारा गाव पालथा घातला, पण हॉटेलात पाहावं असं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. दोन बंड्या अडवून माणूस पुऱ्या खायला बसेल, हे सुचायला डोकंच वेगळं लागतं.

मी बंडीवरून उडी मारली. शिव्या माझ्या ओठांवर आल्या होत्या, चांगल्या ठेवणीतल्या. पण बाबा पुढे झाले. डोक्याचा पटका काढून हातात घेतला आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"भाऊ, घरी सारं बरं हाय ना?"

ठेकेदाराला कळेचना. "घरी? काय होते घरी?"

"नाई, गाडी अशी आडवी सोडून गेले, मले वाटलं..."

तेव्हा कुठे त्याचं लक्ष आमच्या बंड्यांकडे गेलं. "अरे, तुमच्या फसल्या होत्या का? मग ढकलून देयाची ना, बुढ्ढ्या! गिअरमध्ये बी नोहोती. दोन माणसाचं काम." आणि पाहुण्याकडे वळून म्हणाला, "पाय, अशे लोक हायेत इकडचे. दिवसभर बसून राहतीन, पण हात नाई हलवणार."

हात नाही हलवणार! माझे दोन्ही हात कोपरापर्यंत सुरकुतले होते. त्याची जीप भुर्रकन निघून गेली, आमच्यावर चिखल उडवून. ढकलायला दोन माणसं लागली असती हे मात्र खरं बोलला मेला. मी बाबांकडे पाहिलं. ते पटका हातात घेऊन तसेच उभे होते, जसं थोबाडीत खाल्लेल्या माणसाने उभं राहावं.

पाच कोसांची वाट. चौघांचे आठ हात घागरींत, बैल आपले आपण चालत होते. दिवस मावळता मावळता तळ्याच्या पाळीवर पोचलो. सारा गाव जमला होता. बायकांनी हळदकुंकवाची ताटं आणली होती, नारळ होता, पोरांना नवे सदरे घातले होते. पहिली घागर गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने पाण्यात ओतायची असं ठरलं होतं. तिने ओतली. भाताची पेज सांडावी तसं पांढरं पांढरं पाण्यावर पसरलं आणि हललं नाही. म्हातारी ताट घेऊन तशीच उभी. दुसरी ओतली, तीच गत. दहांतल्या दोन घागरी जित्या निघाल्या, तेवढ्या तळ्याच्या मानाने समुद्रात चूळ टाकल्यासारख्या.

"काऊन मेलं गा?" लोकांनी विचारलं.

"उशीर झाला," बाबा म्हणाले. जीपचा शब्द नाही काढला. मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. त्या वर्षी आमच्या लोकांनी पुन्हा दुसऱ्यांच्या धानात रोवणी केली, आणि सोसायटीत बाबांच्या मागे लोक काय बोलायचे ते मी विहिरीवर ऐकत होते.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बीज मागवलं. पुन्हा आम्ही चौघं, तेच आवार, तोच बोळ. घागरी चढवून वळतो तर मागे एक बंडी. बैल नाहीत, धनी नाही, आडवी. जुनाट, एका चाकाला दोरी गुंडाळलेली, आत थोडा कडबा आणि एक फाटकं घोंगडं.

काका म्हणाले, "दादा, बैल नेले हायेत."

बाबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. जूला खांदा दिला, काकांना मागून लावायला सांगितलं आणि ती बंडी ढकलून पार लठ्ठ्यांच्या राशीपलीकडे, चिखलाच्या खड्ड्यात नेऊन सोडली. परत जागेवर लावलीही नाही. मी म्हटलं, "बरं केलं बाबा!" अगदी मोठ्याने म्हटलं. माझ्या मनाला थंडावा वाटला होता, खोटं कशाला बोलू.

आम्ही आवाराच्या तोंडाशी पोचलो तेव्हा समोरून एक माणूस आला. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर एक कासरा आणि हातात गळ्याची घंटा, बैलाची. मागे एकच बैल, मान खाली घालून चालणारा. त्याने आपली बंडी जिथे ठेवली होती तिथे पाहिलं. मग खड्ड्यात पाहिलं. आमच्याकडे पाहिलं. घंटा कमरेला खोवली आणि खड्ड्यात उतरून एकटाच चाक ओढायला लागला.

बाबांनी बंडी थांबवली. माझा हात घागरीत चालूच होता. काका उतरले, बाबांकडे पाहत उभे राहिले. बाबा उतरले नाहीत. जरा वेळाने त्यांनी बैलांना हाक घातली आणि आम्ही निघालो, कारण दहाच्या दहा घागरी जित्या होत्या आणि ऊन चढत होतं.

त्या वर्षी तळं मासळीने भरलं. गावाने बाबांना खांद्यावर घेतलं. पण त्या दिवशी वाटेत, कोसभर गेल्यावर, बाबा माझ्याकडे न पाहता एवढंच म्हणाले होते, "मी इचारलं नाई त्याले."