बरोबरची खूण

ती कवळ्या करायची. दाताच्या डॉक्टरांकडून ठसे तिच्या घरातल्या मागच्या खोलीत यायचे आणि गुलाबी हिरडीवर ओळीनं दात बसवून परत जायचे. डॉक्टरांकडचे लोक तिला ‘कवळीवाल्या बाई’ म्हणत. घरात ती थोरली. लग्न मोडलं तेव्हा चार कपडे घेऊन आईकडे आली होती, ती आईकडेच राहिली. त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. आईचं औषधपाणी, डोळ्यांचं ऑपरेशन, गुडघ्याचा पट्टा, नळाची गळती, सगळं तिच्याच अंगावर.

धाकटी समुद्रापलीकडे होती. तिच्या अंगावर एकच काम होतं, दुपारी आईशी बोलायचं.

जेवणं आटोपली, की आई खिडकीजवळच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायची. हा लॅपटॉप धाकटीनंच मागच्या खेपेला आणून दिलेला. आई आधी केसांवरून हात फिरवायची, चष्मा पुसायची. मग पडद्यावर धाकटी आली, की आईचा आवाजच बदलायचा. सकाळपासून ‘हं’ आणि ‘ठेव तिथं’ एवढ्यावर दिवस काढणारी बाई एकदम खळखळून हसायला लागायची. मागच्या खोलीत मेणात दात रोवत बसलेल्या थोरलीला ते हसू भिंतीतून ऐकू यायचं आणि तिच्या पोटात दुखायचं. ‘मी काय घरातलं फर्निचर आहे?’ ती मनाशी म्हणायची. ‘ती तिकडून पापणी हलवते तरी कौतुक. मी इथं राबते त्याचं कुणाला काही नाही.’

एके सकाळी लॅपटॉपवर सूचना आली, की नवी आवृत्ती आली आहे, घ्यायची का? ती सूचना रोजच यायची आणि आई रोज वैतागायची. त्या दिवशी थोरलीनं हातातलं प्लास्टर पुसलं, ‘हो’वर बोट दाबलं आणि मोकळी झाली. लॅपटॉप बराच वेळ स्वतःशीच काहीतरी करत बसला, बंद झाला, चालू झाला. सगळं नवंनवं दिसायला लागलं.

त्या दुपारी धाकटी पडद्यावर आली, दोन वाक्यं बोलली आणि तोंड उघडंच ठेवून थिजली. मग गेलीच. कोपऱ्यातली वायफायची खूण पुसट झाली होती. थोड्या वेळानं खूण आली, धाकटी आली, ‘आई, ऐकू येतंय का?’ म्हणाली आणि पुन्हा गेली.

“काय केलंस गं तू सकाळी?” आईनं हाक मारून विचारलं.

“मी काय करणार? तूच म्हणत होतीस, ते एकदाचं घालव म्हणून.”

पण मनाला लागलंच. थोरलीनं राउटर बंद करून पुन्हा चालू केला. लॅपटॉपही बंद करून चालू केला. वायफायचं नाव काढून टाकून पासवर्ड नव्यानं घातला. राउटर कपाटावरून उतरवून टेबलाजवळ आणला. काही फरक पडेना. तिच्या फोनवर तेच वायफाय मात्र सुरळीत चालत होतं. म्हणजे राउटरचा दोष नव्हता, जे बिघडलं होतं ते लॅपटॉपमध्येच. आई तोंड पाडून बसली. आईचं ते तोंड आपल्यासाठी कधी असं पडलं होतं का, ते थोरली आठवून पाहत होती. आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वेगळीच गोष्ट घडली. करमेना म्हणून आई मागच्या खोलीत आली आणि स्टुलावर बसली. थोरली वरचे पुढचे दात बसवत होती.

“हा जरा वाकडा दिसतो,” आई म्हणाली.

“मुद्दाम. या बाईंचे आधीचे दात असेच होते. एकदम सरळ बसवले तर त्यांना आपलं तोंड आपलं वाटणार नाही.”

“असं होय?” आई पुढं वाकली. “आणि रंग कसा ठरवतेस?”

इतक्या वर्षांत आईनं हे कधी विचारलं नव्हतं. थोरलीनं दातांच्या रंगांची पट्टी काढली आणि आईच्या ओठाशी धरून दाखवली. दोघी बोलत बसल्या. आईनं आपल्या शाळेतल्या एका मास्तरीणबाईंची गोष्ट सांगितली, त्यांची कवळी वर्गात शिंकताना बाकावर उडाली होती. थोरली इतकी हसली, की हातातलं मेण वाकलं.

संध्याकाळी आई भाजी निवडत असताना थोरलीनं फोनवर शोधलं. या नव्या आवृत्तीनंतर अनेकांचं वायफाय असंच तुटत होतं. उपायही दिला होता. सेटिंगच्या पोटात जाऊन वायफायच्या कार्डाचं नाव शोधायचं. तिथं एक चौकोन असतो, ‘वीज वाचवण्यासाठी संगणकाला हे बंद करू द्यावं.’ त्यात बरोबरची खूण आपोआप आलेली असते. ती काढायची. बस्स.

ती उठली, लॅपटॉप उघडला, तिथवर गेली. चौकोन होता. त्यात खूणही होती. तिनं ती काढली. कोपऱ्यातलं वायफाय घट्ट धरून राहिलं. तिनं एक लांबलचक व्हिडिओ लावून पाहिला, एकदाही अडकला नाही. तिचा जीव भांड्यात पडला. आता आईला हाक मारायची, एवढंच उरलं होतं.

तिला उघड्या दारातून मागच्या खोलीतलं ते रिकामं स्टूल दिसलं. उद्या दुपारी ते पुन्हा रिकामंच राहणार होतं.

तिनं चौकोनात खूण पुन्हा घातली, लॅपटॉप मिटला आणि हात धुवायला गेली. हातांना काही लागलेलं नव्हतं.

पुढच्या एक-दोन दुपारी आई आली, बसली. मग धाकटीनं आईच्या साध्या फोनवर फोन केला.

“असं हातपाय गाळून बसू नकोस, आई. मी सांगते तसं करत जा. आपण दोघी मिळून शोधू.”

आणि सुरू झालं. आई कानाला फोन लावून लॅपटॉपसमोर बसायची, धाकटी तिकडून सांगायची. आधी दुपारी, मग दुपारी आणि सकाळीही. “डावीकडं खाली? हो, दाबलं. आता निळं आलं. अगं नाही, ते नाही, दुसरंच काहीतरी उघडलं!” आणि हसणं. पूर्वी जेवढा वेळ बोलायच्या त्याच्या दुप्पट वेळ आता दोघी बोलत होत्या. थोरलीनं अडवायला म्हणून दगड टाकला होता, तर त्याची पायरीच झाली. तिचा नुसता जळफळाट होत होता. एका कवळीत तिनं उजवा सुळा डावीकडं बसवला आणि स्वतःच स्वतःला शिव्या घातल्या.

रात्री जेवताना आई म्हणाली, “किती धीरानं सांगते गं ती! मी तेच तेच विचारते, तरी आवाज चढवत नाही. तू असतीस तर केव्हाच माझ्या हातून लॅपटॉप ओढून घेतला असतास.”

थोरलीला ते झोंबलं. खोटं नव्हतं ना ते. म्हणून जास्त झोंबलं.

मग तो दिवस आला. थोरली चहा टाकत होती. टेबलाशी आई मोठ्यानं वाचत होती, एकेक शब्द सुटा करून. “वीज... वाचवण्यासाठी... संगणकाला...” थोरलीचा हात साखरेच्या डब्यातच राहिला. “हो गं, खूण आहे. काढू? काढली.” चहा उतू गेला तरी थोरलीनं पातेलं उतरवलं नाही.

“आली! अगं तू आलीस!” आईनं घर डोक्यावर घेतलं. “लवकर ये इकडं, बघ! आम्ही दोघींनी केलं. या वयात मी हे केलं!”

पडद्यावर धाकटी टाळ्या वाजवत होती. “आईचीच कमाल. मी नुसती वाचून दाखवत होते. ताई, बघितलंस ना?”

थोरली दारात उभी होती. गप्प राहिली असती तर कुणाला कधी काही कळलं नसतं. पण आईचा हात लॅपटॉपच्या कडेवर असा ठेवलेला होता, जणू धाकटीच्या गालावर. ते काही तिला पाहवेना.

“ते मला आधीच माहीत होतं,” ती म्हणाली.

“काय माहीत होतं?”

“तो चौकोन. पहिल्याच आठवड्यात शोधला होता मी. खूण काढूनही बघितली होती. चालत होतं.”

आईला आधी अर्थच लागला नाही. “मग सांगितलं का नाहीस?”

“खूण पुन्हा घातली मी.”

धाकटीनं पडद्यावर तोंड उघडलं, या खेपेला वायफायमुळं नव्हे. आईनं चष्मा काढला, घडी करून टेबलावर ठेवला. “मी इथं वेड्यासारखी बटणं दाबत बसले आणि तू मजा बघत होतीस?” एवढं बोलून ती आपल्या खोलीत गेली. धाकटी म्हणाली, “ताई...” पण थोरलीनं लॅपटॉप मिटून टाकला.

आईनं अबोला धरला. ताट घ्यायची, गोळ्या घ्यायची, बोलायची नाही. थोरलीला वाटत होतं, आता ही धाकटीला जास्तच जवळ करणार, आणि आपणच आपल्या हातानं ते केलं. कामात लक्ष लागेना. शेवटी सकाळच्या उन्हात आई कपड्यांच्या घड्या घालत होती तेव्हा ती समोर जाऊन बसली.

“चुकलंच माझं.”

“हो, चुकलंच. पण का केलंस ते सांग.”

“तू माझ्याजवळ येऊन बसायला लागली होतीस.”

आईच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. “एवढ्यासाठी? मग ‘ये, बस’ म्हणायचंस.”

“सख्ख्या आईला म्हणावं लागतं?”

“आईलाही म्हणावं लागतं की! धाकटी रोज विचारते, ‘आई, उद्या वेळ आहे ना, वाट बघू ना?’ तू कधी विचारलंस? मागच्या खोलीचं दार तर तू लोटूनच घेतेस. मला वाटायचं, माझी कटकट नको म्हणून.”

“धूळ उडते प्लास्टरची. तुला खोकला होतो, म्हणून लोटते.”

“मला काय ठाऊक? तू बोलतेस कुठं?”

थोरलीला रडू येत होतं आणि रागही. एवढी वर्षं केलं ते न बोलता केलं, म्हणून ते मोजलंच गेलं नाही, असं तिला म्हणायचं होतं. पण तिनं टॉवेलचं दुसरं टोक धरलं आणि घडी घातली.

त्यानंतर सगळं गोडीगुलाबीचं झालं असं नाही. दुपार धाकटीचीच राहिली. सकाळी मात्र थोरली हाक मारायला लागली, “आई, येतेस का गं?” आणि आई तोंडाला फडकं बांधून स्टुलावर येऊन बसायची, दातांना नावं ठेवायची. भिंतीतून हसू यायचं तेव्हा थोरलीच्या पोटात अजूनही दुखायचं, फक्त पूर्वीइतकं नाही.

एकदा धाकटी पडद्यावर असतानाच थोरली नेलकटर घेऊन आली. आईला स्वतःची नखं नीट कापता येत नसत. तिनं आईचा हात लॅपटॉपसमोर उजेडात धरला आणि कामाच्या सवयीनं एकेक नख निरखून कापायला लागली. धाकटी काहीतरी सांगत होती, ती मध्येच थांबली. कॅमेऱ्यात आईचा चेहरा नव्हता, नुसता हात दिसत होता, थोरलीच्या हातात.

“दिसतंय का नीट?” आईनं विचारलं.

“दिसतंय.” धाकटी पडद्याजवळ सरकली. “किती वर्षांत आईचा हात धरला नाही मी. ताई, तुझं बरं आहे बाई. तुझा हेवा वाटतो.”

थोरलीनं मान वर केली. धाकटीच्या तोंडावर जे होतं ते तिनं लगेच ओळखलं. ते घेऊन ती स्वतः वर्षानुवर्षं मागच्या खोलीत बसली होती. तिला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. तिनं पुढचं बोट हातात घेतलं आणि जरा जास्तच सावकाश कापलं.

“करंगळीच्या कडा घासून दे तिच्या,” धाकटी नाक पुसत म्हणाली. “टोचतात तिला.”

“मग ये आणि घास.”

“येते की. उन्हाळ्यात येते. तेव्हा मधे मधे करायचं नाही तू.”

“माझ्या घरात मलाच सांगतेस?”

“भांडा सावकाश,” आई म्हणाली. “पण हात तेवढा सोडा माझा, नाक खाजतंय.”