समोरच्या गच्चीवरचा चंद्र

मी माझ्या आजीला सात संकष्ट्या विजेच्या दिव्याला अर्घ्य द्यायला लावलं. त्यातली एक अंगारकी होती. हे मी आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं सांगताना स्वतःला सावरून घ्यायचा मोह मला होणार आहे, आणि तो आजवर अनेकदा झालेला आहे.

वडील गेल्यावर आजी आमच्याकडे दुबईला आली. व्हिजिट व्हिसावर आली आणि तो वाढवत वाढवत दीड वर्ष राहिली. अल बर्शातल्या आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये तिने मुलीच्या खोलीतला एक कोपरा मागून घेतला. पुस्तकांच्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करून तिथे गणपती, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण बसवले. पहाटे अंघोळ, मग पूजा, मग जप. दुपारी पडल्या पडल्याही तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असायचा. दूर्वांची तिला काळजी होती, ती तिने पहिल्याच आठवड्यात मिटवली. इमारतीमागच्या पार्कातल्या हिरवळीतून बायकोला काड्या खुडून आणायला लावल्या, बोटांनी चाचपल्या आणि म्हणाली, "दूर्वाच आहेत. इथलं पाणी खारं, म्हणून जरा जाड झाल्यात." त्यावर कोणी वाद घातला नाही.

बाकीचे उपास वयाप्रमाणे सुटले होते, संकष्टी सुटली नव्हती. ती माझ्यासाठी होती. चार वर्षांचा असताना मला मेंदूज्वर झाला होता. डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन काय ते सांगितलं, आणि आजीने दवाखान्याच्या पायरीवर बसून, हा वाचला तर जिवंत असेपर्यंत संकष्टी करीन, असं कबूल केलं. ही गोष्ट तिने मला कधी ऐकवली नाही. आत्याने सांगितली. चाळीसहून जास्त वर्षं दर महिन्याला दिवसभर पाण्यावर राहून, चंद्र बघून, त्याला अर्घ्य देऊन मगच ती जेवत आली होती.

आमच्याकडे आली तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले होते. माणूस तिला आवाजावरून कळायचा. संकष्टीला संध्याकाळ झाली की ती विचारायची, "चंद्रोदय किती वाजता रे?" मी फोनवर बघून सांगायचो. वेळ झाली की तिला गॅलरीत नेऊन दिशा दाखवायचो. तिला एक पिवळट डाग दिसायचा, तेवढ्यावर तिचं भागायचं.

त्या दिवशी मी जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसमधून वैतागून आलो होतो. दुपारचं जेवण झालं नव्हतं. घरात मोदकांचा वास. चंद्रोदय नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, आणि तेव्हा साडेसात वाजत होते. "तुम्ही जेवून घ्या, माझ्यासाठी थांबू नका," असं आजी दर वेळी म्हणायची, पण ऐंशी ओलांडलेली बाई दिवसभराची उपाशी समोर बसलेली असताना मला घास उतरत नसे. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी, एक मोठा गोल पिवळा दिवा रोज संध्याकाळी लागतो. तो तेव्हा नुकताच लागला होता.

मी म्हणालो, "आजी, आला बघ चंद्र."

ती कठड्याला धरून उभी राहिली. बराच वेळ डोळे बारीक करून बघत होती. "आज फार खाली आहे रे."

"इथे वाळवंट आहे ना, खालीच दिसतो."

"असेल. मुलूख वेगळा." मग तिने ताम्हनात पाणी सोडलं, अक्षता वाहिल्या आणि हात जोडले. मुलगी दारात उभी होती. ती माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा मी ओठांवर बोट ठेवलं. पाच मिनिटांत आम्ही सगळे जेवत होतो.

पुढच्या महिन्यात तेच सोपं वाटलं. मधल्या काळात डॉक्टरने आजीची साखर बघून इतका वेळ उपाशी ठेवू नका असं मला सांगितलं, आणि मला कारण मिळालं. बायको एकदा म्हणाली, "हे बरं नाही दिसत. आजींना खरं सांगा." मी म्हणालो, "तिला चक्कर आली तर इमर्जन्सीत तू नेणार आहेस का?" ती ताटं मांडायला गेली. इतर दिवशी आजी संध्याकाळची गॅलरीत यायची नाही, आपल्या कोपऱ्यात जप करत बसायची. त्यामुळे पकडलं जायची भीतीही नव्हती.

मोतीबिंदूचं ऑपरेशन मीच करवलं. मला त्याचा अभिमान होता. दुसरा डोळाही मोकळा झाला तेव्हा आजी लहान मुलासारखी घरभर फिरत होती. "तुझे केस पांढरे झालेत की रे," असं मला म्हणाली. बायकोला म्हणाली, "तू आवाजापेक्षा छान दिसतेस."

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, संध्याकाळी, तिने मला गॅलरीतून हाक मारली. मुलगी आतल्या टेबलावर होमवर्क करत होती.

"आज तिथी काय?"

मी फोन बघितला. "अमावास्या."

"मग तो कोण?" तिने समोरच्या गच्चीकडे बोट केलं.

मी म्हणालो, "दिवा आहे."

"रोज असतो?"

"हो."

ती आत आली, खुर्ची ओढून मुलीच्या शेजारी बसली. "बाळे, तुला ठाऊक होतं?"

मुलीने वहीतून मान वर केली नाही. "पप्पा टोल्ड मी नॉट टू टेल यू, मोठी आजी." आजीला इंग्रजी येत नव्हतं, तरी तिला समजलं. तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. बायको तिथे लाटणं हातात घेऊन उभी होती.

"म्हणजे घरातल्या सगळ्यांना."

मी घाईघाईने साखरेचं सांगायला लागलो, डॉक्टरचं सांगायला लागलो, त्याचा कागदही शोधायला गेलो. तिने मला थांबवलं.

"डॉक्टर म्हणाला होता तर मला सांगायचंस. मी उद्यापन केलं असतं. एकवीस मोदक, एक माणूस जेवायला, देवाला नमस्कार, की झालं. व्रत सोडायचीसुद्धा रीत असते बाबा. तू मला धरूही दिलं नाहीस आणि सोडूही दिलं नाहीस." मग म्हणाली, "दिव्याला हात जोडले त्याचं काही नाही. मला दिसत नव्हतं म्हणून मी तुला विचारत होते."

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. ती नेहमीसारखी बोलायची, चहा छान झालाय म्हणायची. फक्त मला काही विचारणं तिने बंद केलं. जेवणात काय घातलंय हे ती आता स्वतः वास घेऊन बघायची. गोळीचं पाकीट डोळ्यांजवळ नेऊन रंग ताडून मगच गोळी गिळायची. पुढच्या संकष्टीला ती लिफ्टने एकटी खाली गेली. आमच्या गॅलरीतून चंद्र समोरच्या इमारतीवर यायला वेळ लागतो, पार्किंगच्या टोकाला आभाळ मोकळं आहे. इमारतीचा वॉचमन पेशावरकडचा, दाढीवाला, पन्नाशीचा. तिने त्याला तिच्या हिंदीत विचारलं, "भैया, चांद आया क्या?" तो स्वतः कोपऱ्यापर्यंत चालत गेला, बघून आला आणि म्हणाला, "अभी नहीं, अम्मा. बैठो." तिला आपली खुर्ची दिली. ती दोन तास तिथे बसली. मी काचेच्या दाराआड उभा होतो. तो आत येऊन मला म्हणाला, "साहब, अम्मा का रोज़ा बहुत सख़्त है." मी मान हलवली. चंद्राच्या बाबतीत माझ्या आजीने माझ्याऐवजी त्याच्यावर भरवसा ठेवला होता, आणि तो बरोबर ठेवला होता.

मला तिचा रागही आला, हे लपवण्यात अर्थ नाही. एवढं सगळं केलं, ऑपरेशन केलं, आणि एका दिव्यावरून ही बाई मला परकं करते. आत्याला फोन करून मी तेच सांगितलं. आजी हट्टी आहे, जीव गेला तरी उपास सोडणार नाही, म्हणून मला तसं करावं लागलं. आत्याला ते पटलं आणि ती आजीलाच समजावायला लागली. आजी ऐकून घेत होती. "बरं," एवढंच म्हणायची.

दोनदा मी माफीही मागितली. दोन्ही वेळा वाक्यात 'पण' होता. चुकलं, पण तुझ्या तब्येतीसाठी. चुकलं, पण तूही समजून घे. दोन्ही वेळा तिने बरं म्हटलं.

मग तिने सांगलीला, आत्याकडे, परत जायचं ठरवलं. का, ते मी विचारलं. "तिथे मला कोणाला विचारावं लागत नाही," ती म्हणाली. टोमणा नव्हता, तिने खरं कारण सांगितलं. जाण्याच्या आदल्या शुक्रवारी तिची पूजा चालू असताना मुलगी ऑनलाइन क्लासला उशीर होतोय म्हणून घाई करत होती. मी तिला विचारलं, दात घासलेस का? ती म्हणाली, हो. ब्रश कोरडा होता. मी ओरडणार होतो, पण तिने माझ्याकडे ज्या शांतपणे बघितलं त्यात मला मीच दिसलो.

आजीचं नामस्मरण संपेपर्यंत मी थांबलो. बायकोला बाहेर बोलावलं, मुलीला क्लास बंद करायला सांगितलं, आत्याला फोन लावून स्पीकरवर ठेवला. आजीने आसन गुंडाळलं आणि विचारलं, काय झालं?

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"आजी, साखरेचं मी नंतर जोडलं. पहिल्या दिवशी साखर माझ्या डोक्यातही नव्हती. मला भूक लागली होती आणि तुझ्यासमोर एकट्याने जेवायची लाज वाटत होती. तुला दिसत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मी खोटा चंद्र दाखवला. तुला कळणार नाही याची खात्री होती, म्हणून पुन्हा दाखवला. व्रत माझ्या जिवासाठीचं होतं, ते मी माझ्या सोयीसाठी मोडलं. या पोरीला खोटं बोलायला मी शिकवलं. तुझ्या नातसुनेने विरोध केला तर तिला गप्प केलं. आत्या, तुला मी सांगितलं की ही हट्टी आहे. तेही खोटं होतं. आजी हट्टी नव्हती, तिला कोणी विचारलंच नव्हतं. मी तुला फसवलं. मला माफ कर, आजी."