हसनाबादला दिलेली गाडी

लेकीने पुण्यात नवी गाडी घेतली आणि जुनी आम्हाला आणून दिली. जुनी असली तरी तसली दुसरी जालन्यातल्या आमच्या कॉलनीत नव्हती. पेट्रोलवर चालायची आणि रात्रभर घरच्या प्लगला लावून ठेवली की विजेवरही चालायची. शेजारी विचारायचे, "सर, नेमकी कशावर पळते ही?" आमचे हे छाती फुगवून सांगायचे, "दोन्हीवर!" जणू शोध यांनीच लावला होता. आम्ही दोघंही निवृत्त शिक्षक. हे गणिताचे, मी विज्ञानाची. बॅटरी कशी काम करते ते मी समजावून सांगायचं आणि गाडी यांनी चालवायची, अशी आपोआप वाटणी झाली होती. लायसन्स माझ्याकडेही होतं. पण मी तोवर भाजी मंडईच्या पुढे गेले नव्हते.

मग यांचे डोळे बिघडले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, "सर, गाडी आता विसरा." गाडी विकायला काढली. येणारा बोनेट उघडायचा, मागे जाऊन भलीमोठी बॅटरी बघायचा आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून जो जायचा तो जायचाच.

एका दुपारी हेच म्हणाले, "देऊन टाकू सिस्टरला."

सिस्टर म्हणजे हसनाबादच्या एक निवृत्त नर्स. आसपासच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी जालन्याला आणायचं आणि परत पोचवायचं, एवढंच काम करणारी त्यांची छोटी संस्था. दवाखान्यात यांच्या शेजारच्या खाटेवर त्यांनीच आणलेले एक आजोबा होते. डोळ्याला ताजी पट्टी, आणि घरी जायचं मालवाहू टेम्पोत मागे बसून, धुळीत. हे खिडकीतून एका डोळ्याने बघत होते. ते काही यांच्या मनातून गेलं नाही.

आरटीओचे फॉर्म झाले, सह्या झाल्या, दिवस ठरला. गाडी यांचा पुतण्या नेऊन पोचवणार होता. सकाळी त्याचा फोन आला, "काकू, एमआयडीसीत डबल ड्युटी लागली. आज जमून न्हाई राह्यलं." तिकडे सिस्टरने तर माणसं जमवून ठेवली होती.

"मी नेते," मी म्हणाले.

"तू? हायवेवर?"

"मंग काय शेतातून नेऊ?"

काळा चष्मा लावून हे शेजारी बसले आणि वाटभर त्यांच्या बाजूला नसलेला ब्रेक दाबत राहिले. शहर संपलं, रस्ता मोकळा झाला, आणि गाडी आवाज न करता अशी काही सुटली की काय सांगू. बासष्ट वर्षांच्या बाईला शोभणार नाही असं मी खिदळत होते. पुढे कापसाचा टेम्पो डुलत चालला होता. मी हॉर्न दिला, डोळे मोठे केले आणि काढली बाजूने.

"गेला! मागे गेला!" मी ओरडले.

"कोण गेलं?" हे दचकले.

"टेम्पो!"

राजूरच्या अलीकडे चार्ज संपला आणि इंजिन घरघरायला लागलं, तेव्हा बिघडली म्हणून मीच घाबरले. यांनी शांतपणे सांगितलं, "दोन्हीवर चालते ती." विज्ञानाच्या बाईंना गणिताच्या सरांनी शिकवावं लागलं.

हसनाबादला सिस्टरने बोनेटला झेंडूचा हार घातला. आमचं पिठलं-भाकरी होईपर्यंत ओसरीवरच्या प्लगला गाडी लावली, म्हणजे तिचंही जेवण झालं. मग दवाखान्यात जाऊन आलेल्या तीन आज्या मागच्या सीटवर चढल्या. त्यांना चक्कर मारायची होती. मी हळूच गाडी सोडली. काही आवाजच नाही. मधल्या आजीने मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं.

"अवं बाई, मागून कोण ढकलून राह्यलं?"

"कोणीच न्हाई, आजी."

"चालू न करता येवढी पळून राह्यली, मंग चालू केल्यावर काय करील?"

मला हसताना स्टेअरिंग धरवेना. तिन्ही आज्या एकमेकींच्या अंगावर पडत हसत होत्या. एकच चक्कर ठरली होती, आम्ही चार मारल्या. चौथ्या वेळी तर बाजारातली माणसं हात करायला लागली.

किल्ली द्यायची वेळ आली तेव्हा मात्र माझी मूठ उघडेना. सकाळपर्यंत ही यांची गाडी होती, दुपारी माझी झाली होती, आणि आता द्यायची होती. एक क्षण वाटलं, उद्या देऊ. पण सिस्टर पदराला हात पुसत समोर उभ्या होत्या. दिली.

सिस्टरने किल्ली उलटसुलट करून पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. "बाई, एक राह्यलंच. गाडी भेटली, पण चालवील कोण? टेम्पोवाला तर टेम्पोसोबतच यायचा. दर गुरुवारी..."

"मी येते," मी म्हणाले. त्यांचं वाक्यही पूर्ण झालं नव्हतं.

"मग गाडी तुमच्याकडंच ठेवा की जालन्याला," त्या म्हणाल्या. ते मी मान्य केलं नाही. गाडी पुन्हा आमच्याच अंगणात उभी राहिली असती, तर दिली असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

म्हणून गुरुवारी मी पहाटेच्या एसटीने हसनाबादला जाते, चौघांना घेऊन जालन्याला येते, त्यांना परत पोचवते आणि पुन्हा एसटीने घरी. हे म्हणतात, हा हिशेब कोणत्याच गणितात बसत नाही. गेल्या आठवड्यापासून सिस्टर शाळेच्या मैदानात गाडी शिकतायत. पहिल्याच दिवशी त्यांनी वायपर, हॉर्न आणि डावा इंडिकेटर एकदम सुरू केला. आमचे पेशंट लिंबाखाली बसून टाळ्या वाजवत होते, आणि सिस्टर काच खाली करून ओरडल्या, "बाई, लई मजा हाय हो!"