दहा आज्ञांची पाटी

सत्तर सालानंतरच्या त्या वर्षांत माझी सांगलीहून सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बदली झाली. पाटबंधारे खात्यात मोजणीचं काम होतं. आम्ही प्रॉटेस्टंट. गावातल्या आमच्या लहानशा चर्चमध्ये रविवारी अडतीस माणसं असत. कॅथलिकांची पाच घरं होती, पण त्यांना चर्च नव्हतं. त्यांचे फादर महिन्यातून एकदा सांगलीहून यष्टीनं येत आणि कुणाच्या तरी ओसरीवर मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, करत. बाकीचे तीन रविवार ही माणसं घरीच.

आमचे पाळकसाहेब एकदा फादरांना म्हणाले, "आमच्या चर्चात निम्मे बाक रिकामे असतात. या की!" असं ठरलं की प्रार्थना आणि गाणी एकत्र, पवित्र भोजनाचा विधी मात्र ज्याचा त्यानं. कॅथलिकांची एकवीस माणसं आली. त्यांना गुडघे टेकायला जागा लागते, म्हणून मी पट्टी घेऊन बाकांमधलं अंतर नऊ इंचांनी वाढवलं. एक बाक व्हरांड्यात गेला. त्यावरून आमच्यातले दोन म्हातारे रुसले, पण पहिल्याच रविवारी कॅथलिकांच्या दणदणीत आवाजात गाणं असं काही चढलं, की तेही ठेका धरू लागले.

मुलांचं संडेस्कूलही एकत्र झालं. ते माझ्याकडे होतं. आमची चौदा मुलं, त्यांची सहा. तिसऱ्या आठवड्यात चर्चच्या भिंतीवरची आज्ञांची पाटी झाकून मी लेखी परीक्षा घेतली: बायबलातल्या दहा आज्ञा क्रमानं लिहा, प्रत्येकीला एक गुण. आज्ञा सगळ्यांना घरी पाठ असतातच, म्हणून शिकवण्याची गरज मला वाटली नव्हती.

पेपर तपासले. आमच्या मुलांना सात, नऊ, दहा असे गुण. कॅथलिक मुलांना प्रत्येकी दोन. सहाही जणांची पहिली आणि दहावी बरोबर, मधल्या आठ चूक, आणि चुकाही अगदी सारख्या. चौथीच्या जागी आईबापाचा मान, पाचवीच्या जागी खून. सहा पेपरांत सारख्याच चुका आपोआप होत नाहीत, हे मोजणीतल्या माणसाला सांगावं लागत नाही. रविवारी मी सगळ्यांसमोर म्हणालो, "सहा जणांनी कॉपी केली आहे. देवाच्या घरात!"

त्यांच्यातली थोरली, बारा वर्षांची मुलगी, उभी राहिली. एसटी डेपोतल्या पेंटरची ती मुलगी. "काका, आमी न्हाई केली," एवढंच म्हणाली आणि धाकट्यांना घेऊन बाहेर पडली.

पुढच्या रविवारी मी माणसं मोजली. अडतीस. गाणं खाली बसलं. पाळकसाहेबांनी उपदेश आटोपता घेतला आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "आता फादरांना काय तोंड दाखवू? मीच बोलावलं होतं यांना."

जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "तुम्ही मुलांना बसवलं कसं होतं?"

"एका बाकावर दोघं, त्यांच्या प्रत्येकाशेजारी आमचं एक. कॉपी होऊ नये म्हणूनच."

"मग कॉपी केली कुणाची? शेजारच्याची उत्तरं तर वेगळी होती!"

घास हातातच राहिला. तसाच उठलो आणि पेपर घेऊन पेंटरकडे गेलो. रविवार असूनही ते अंगणात 'पाटण' अशी बसची पाटी रंगवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "या साहेब. आनि कुनाला पकडायचं राहिलंय का?"

मी पेपर पुढे केले. त्यांनी मुलीला हाक मारली. तिनं आतून एक लहानसं, कोपरे झिजलेलं पुस्तक आणून माझ्या हातात दिलं. त्यांच्या धर्मशिक्षणाचं. दहा आज्ञा त्यातही होत्या. पण आमची मूर्तीविषयीची दुसरी आज्ञा त्यांच्यात पहिलीतच येते, म्हणून पुढची प्रत्येक एक घर वर सरकते. शेवटी दहा भरायला लोभाच्या दोन होतात, शेजाऱ्याची बायको वेगळी आणि शेजाऱ्याची मालमत्ता वेगळी. बेरीज दोन्हीकडे दहाच. म्हणूनच मला कधी संशय आला नव्हता.

मी तिथंच, अंगणात, सहाही पेपरांवरचे दोन खोडले. पाच जणांना दहा दिले. पेंटरच्या मुलीला नऊ, कारण तिची सातवी अर्धीच लिहिलेली होती. "माझं चुकलं," मी तिला म्हणालो. "मी तुमच्याविषयी खोटी साक्ष दिली."

तिनं जरा विचार केला. "काका, ती आज्ञा तुमच्यात कितवी?"

"नववी."

"आमच्यात आठवी. मंजी तुमी दोन मोडल्या."

"ए, गप गं!" पेंटर ओरडले, पण हसू आवरेना आणि ब्रश थरथरून 'पाटण'च्या णला शेपूट फुटलं. "बघा साहेब, आता ही गाडी कुठं जायाची!"

मग मी कामाचं बोललो. "चर्चमधल्या पाटीवर आज्ञांना आकडे आहेत, आमच्या क्रमाचे. ती असेपर्यंत हा घोळ मिटणार नाही."

"मग आकडंच काढू," पेंटर म्हणाले. "तुमचं बी सगळं लिवतो, आमचं बी. कुनाचं काय सुटाय नको."

रविवारी एकवीसच्या एकवीस आली. पेंटर नवी पाटी डोक्यावर घेऊन आले. निळ्या जमिनीवर पिवळी अक्षरं, बसच्या पाटीसारखी लांबूनही वाचता येणारी. आकडा एकही नाही. सगळ्यांना लय आवडली. मी सवयीनं ओळी मोजल्या. मग खालून वर मोजल्या. पाळकसाहेबांच्या कानाशी लागून म्हणालो, "साहेब, अकरा झाल्यात. मूर्तीची आमची वेगळी, लोभाच्या त्यांच्या दोन वेगळ्या."

"बरं मग?" ते म्हणाले. "एक जास्त पाळा. तुम्हाला गरज आहे."

महिनाअखेर फादर आले. पाटीसमोर उभे राहिले आणि ओठ हलवत, बोटं मुडपत वाचू लागले. दहा बोटं संपली. ते तसेच मुठी मिटून थांबले आणि मग हळूच माझ्याकडे वळून पाहिलं. मी बाकांमधलं अंतर तपासायला खाली वाकलो. वाढवलेले नऊ इंच बरोबर होते.