फोन नसलेल्यांच्या ओळी

माझं काम लोकांची गाऱ्हाणी ऐकायचं. नांदेडच्या एका लहानशा कंपनीनं डेटाबेस सांभाळायचा प्रोग्राम केलाय. म्हणजे संगणकात साठवलेल्या याद्या त्यातून उघडायच्या, बदलायच्या, नको त्या ओळी काढायच्या, सगळ्याची एक प्रत जपून ठेवायची. कंपनी नांदेडला आणि मी लातूरला, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत. कुणाचं काही अडलं की फोन माझ्याकडे येतो. वापरताना कुणाला काय टोचलं ते एका तक्त्यात लिहून दर शनिवारी नांदेडला पाठवायचं, हेही माझ्याच गळ्यात. त्या तक्त्यात एक रकाना आहे, 'चूक कोणाची'. मी तिथं डोळे झाकून 'वापरणाऱ्याची' असं लिहायची. स्वभाव तापट, काय करणार. उमरीच्या कॉलेजातले एक क्लार्क तर माझा आवाज ऐकला की आधी विचारायचे, "मॅडम, आज विचारावं का उद्या करू फोन?"

सोमवारी सकाळी साडेदहाचा फोन मात्र ठरलेला. शिरूर अनंतपाळचे आप्पा. वय सत्तरीला टेकलेलं, भांड्यांचं दुकान. लिंगपूजा आटपून, दुकानाचं शटर वर करून, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत ते मला फोन लावायचे. भांड्यांच्या दुकानदाराला डेटाबेस कशाला, असं मीही पहिल्यांदा विचारलं होतं. तर आप्पा कित्येक वर्षांपासून रक्त देणाऱ्या लोकांची यादी ठेवतात. कुणाला रक्त लागलं की माणसं दवाखान्यातून सरळ त्यांच्या दुकानावर येतात. आधी ती यादी वहीत होती. जावई हैदराबादला संगणकात काम करतो, त्यानं ती आमच्या प्रोग्राममध्ये उतरवून दिली, सासऱ्यांना दोन दिवस शिकवलं आणि गेला. राहिले आप्पा आणि मी.

"ताई, एक सांगू का," अशी त्यांची सुरुवात. "तुमचं 'काढा' आन् 'जपा' ही दोन बटणं शेजारी शेजारी कशाला वो? घरात विळा आन् पाळणा शेजारी ठिवतेत का कुणी?"

मी ते जसंच्या तसं नांदेडला पाठवलं. तिकडून आमचे साहेब म्हणाले, "बघू." आप्पा पुढच्या सोमवारी विचारणार, "काय म्हणले?" मी सांगणार, "बघू म्हणले." मग आप्पा हसायचे. अक्षरं बारीक आहेत, राखाडी रंगावर राखाडी लिहिलंय, चूक झाली की यंत्र खेकसतंय, असं त्यांचं काही ना काही असायचंच. मी वैतागायची, पण खरं सांगते, एखाद्या सोमवारी पावणेअकरा झाले तरी फोन आला नाही तर मला चैन पडायची नाही.

मग आमची नवी आवृत्ती निघाली आणि सोमवारची वाट न बघता आप्पांचा फोन आला.

"ताई, देव मधी आलाय."

"कुठं मधी?"

"यादीच्या मधी. वर असायचा त्यो. आता चोवीस माणसांच्या खाली जाऊन बसलाय."

मला काही उमगेना. म्हटलं, पडद्याचा फोटो काढून पाठवा. फोटो आला आणि मी बघतच बसले. यादीच्या पहिल्या ओळीत, जिथं माणसाचं नाव असायला पाहिजे तिथं, 'ॐ नमः शिवाय'. पुढचे रकाने रिकामे. त्याखाली चोवीस माणसं, की पुन्हा एक ओळ 'ॐ नमः शिवाय'. आमच्या जुन्या आवृत्तीत एका वेळी पंचवीस ओळी दिसायच्या, पुढच्या बघायला पान उलटावं लागायचं. आप्पांनी दर पंचविसाला, नव्या पानाच्या माथ्यावर, देवाचं नाव घालून मगच माणसं लिहिली होती. आम्ही नव्या आवृत्तीत पन्नास ओळी दाखवायला लागलो आणि एकाआड एक देव पानाच्या मधोमध आला.

मी हसले, साहेबांना फोटो पाठवला, ते हसले. मग आप्पांना समजवायला बसले, "आप्पा, ही वही नाही हो. यात पान वगैरे काही नसतं."

"न्हाई कसं? पंचवीस झाले की उलटावं लागत हुतं की. उलटलं की कोरं समोर येतंय. कोऱ्यावर देवाच्या आधी माणसाचं नाव कसं लिवायचं, ताई? आमच्या दुकानात तसं कधी झालं न्हाई."

शेवटी मी सांगितलं, यादीच्या माथ्यावर मथळ्याची एक जागा आहे, तिथं एकदाच लिहा, मग कुठलंही पान उघडा, वर दिसणारच. हे त्यांना फार आवडलं. लगेच लिहून टाकलं.

"आता यादीतल्या त्या ओळी काढतो. आठच हायत, एकेक करून काढतो."

आप्पांचं एकेक म्हणजे अर्धा तास. दुसरा फोन वाजायला लागला होता. मी म्हटलं, "एकेक कशाला? देवाला काही फोन नंबर नाही. ज्या ओळीत फोनचा रकाना रिकामा, त्या सगळ्या एका झटक्यात काढू." माझं मलाच कौतुक वाटलं. काय टाइप करायचं ते सांगितलं, त्यांनी एकेक अक्षर करून घातलं.

"ताई, ह्ये एक्कावन्न म्हणायलंय."

"काय?"

"एक्कावन्न ओळी काढू का, असं इचारायलंय. देव तर आठच हायत."

तो दुसरा फोन पुन्हा वाजला. मी म्हटलं, "त्याची मोजायची पद्धत वेगळी असते आप्पा. होय दाबा." अशी कुठली पद्धत बिद्धत नसते. मी बोलून गेले. आणि आप्पांनी माझ्यावर भरवसा टाकून 'होय' दाबलं.

त्या शनिवारच्या तक्त्यात मी लिहिलं: देवाच्या ओळी, काढून दिल्या. चूक: वापरणाऱ्याची.

त्यानंतर महिना-दीड महिना झाला असेल. गुरुवार होता, अकराचा सुमार. आप्पांचा आवाज नेहमीचा नव्हता.

"ताई, ओ निगेटिव्ह नीट दाखवंना. बघा की जरा लौकर."

जवळच्याच गावची एक पोर लातूरच्या दवाखान्यात बाळंतपणाला अडली होती. रक्त थांबत नव्हतं, तिचा गट दवाखान्यात नव्हता, आणि तिचा बाप आप्पांच्या दुकानात येऊन उभा होता. यादी दोनच माणसं दाखवत होती. एक पुण्याला, दुसऱ्यानं वीस दिवसांखालीच रक्त दिलेलं.

"एक बाई हाय तिसरी. मी सवताच्या हातानं लिवलीय. गेली कुठं?"

"फोन नंबर काय त्यांचा? त्यावरून शोधू."

"फोन न्हाई तिला. शेतात वस्ती. निरोप धाडावा लागतोय."

एक्कावन्नातून आठ गेले की त्रेचाळीस राहतात. ज्यांच्याकडे फोन नाही अशी त्रेचाळीस माणसं मी देवाबरोबर काढायला लावली होती. जुनी प्रत कुठं आहे विचारलं, तर म्हणाले, "तुम्हीच म्हणलाव की, घोळ नको, एकच प्रत ठिवा, रोज तिच्यावरच घ्या." म्हटलं होतं मी. वही तर कधीच रद्दीत गेलेली.

"आप्पा, ती बाई मी घालवली. फोन नसलेले सगळे मीच काढायला लावले. तुम्ही एक्कावन्न म्हणत होता, मी ऐकलं नाही."

आप्पा म्हणाले, "ते मागून बघू. आता बाई पायजे."

"नाव, गाव, काही आठवतं का?"

"असं मधूनच न्हाई आठवत. रस्त्यानं आठवतेत. फोन न्हाई म्हणजे मीच जाऊन आलोय की सगळ्यांच्या घरी." मग म्हणाले, "मी म्हणत जातो, तुम्ही लिवत चला."

आणि आप्पा दुकानातून मनानंच निघाले. पिंपळाखालचा पंक्चरवाला, बी पॉझिटिव्ह. त्याच्या पुढं पत्र्याच्या घरातले दोघं भाऊ, दोघंही ए. ओढा ओलांडला की कुंभाराचं घर, तिथली सून, नवरा नको म्हणत होता तरी आलेली. पाढा जसा मधूनच म्हणता येत नाही तसं होतं त्यांचं, कुठं अडखळले की मागच्या घरापासून पुन्हा यायचे. माझ्यासारखी बाई, समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही, पण त्या दिवशी मी हूं का चूं केलं नाही. नुसती लिहीत होते. त्या पोरीचा बाप मागं कुठंतरी 'शिवा शिवा' करत होता तेही ऐकू येत होतं. सव्विसावं का सत्ताविसावं घर असेल.

"कॅनॉलच्या कडंला दोन लिंबं हायत, त्या वस्तीवरची... हीच. हीच वो ताई. ओ निगेटिव्ह." आणि फोन ठेवला.

आप्पा स्वतः स्कूटरवर गेले. बाई वस्तीवर नव्हती, दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली होती. बांधाबांधानं शोधत तिला गाठलं आणि पोरीच्या बापानं जीप आणली होती तीत बसवून लातूरला आणलं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच कळलं होतं की ते निघालेत. मग मी काय केलं, फोन बंद करून खुर्चीवर टाकला आणि रिक्षा करून दवाखान्यात जाऊन थांबले. कामाला लागल्यापासून पहिल्यांदा मी भर दुपारी फोन बंद केला असेन.

मी आप्पांना कधी पाहिलं नव्हतं. पांढरा पायजमा, कपाळावर विभूतीचे पट्टे, चपला धुळीनं भरलेल्या, आणि सोबत अंगात साडीवरून नवऱ्याचा शर्ट घातलेली बाई. खुरपं कमरेला तसंच. विचारावं लागलंच नाही. रक्त देऊन ती बाहेर येऊन बसली, तिच्या हातात चहा दिला, तेव्हा आप्पांनी तिला माझी ओळख करून दिली, "ह्या ताईनी शोधलं तुला. कंप्युटरमधी लिवून घेतलं, म्हणून घावलीस."

मला ते सहन होईना. म्हटलं, "मी शोधलं नाही हो. मीच तुम्हाला यादीतून काढून टाकलं होतं."

तिनं चहाची फुंकर थांबवून माझ्याकडं बघितलं. "काढलं म्हून काय झालं," म्हणाली. "मी तर हितंच हाय की."

पोर वाचली. मुलगी झाली. त्या शनिवारी मी तक्त्यात सगळं लिहिलं, आप्पा एक्कावन्न म्हणाले तेही लिहिलं, आणि चुकीच्या रकान्यात 'माझी'. साहेबांचा फोन आला, "हे काय लिहून राहिले तुम्ही?" मी म्हटलं, वाचा नीट. आधी कोणकोणत्या ओळी जाणार ते डोळ्यांना दिसल्याशिवाय 'होय' दाबताच येऊ नये, एवढं करा, नाहीतर दुसरी बाई बघा. पंधरा दिवसांत त्यांनी केलं. 'काढा' आणि 'जपा'सुद्धा दोन टोकांना गेले.

उरलेला रस्ता आप्पांनी पुढच्या सोमवारी पुरा केला. बेचाळीस माणसं झाली. एक कमी.

त्या एकासाठी त्यांनी आकाशपाताळ एक केलं. दुकान घरच्यांवर टाकून पुन्हा सगळी घरं हिंडले, कुणी राहिलंय का, तुमच्या शेजारचं कुणी होतं का. मी म्हणायची, "आप्पा, जाऊ द्या आता, बेचाळीस आले की." तर म्हणायचे, "त्येला वाटंल, आप्पानं मला इसरलं." चूक माझी आणि ऊन त्यांच्या डोक्यावर.

तिसऱ्या सोमवारी फोनवर आधी काकू आल्या. आप्पांच्या घरच्या. मी त्यांचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होते.

"ताई, ह्यास्नी सांगा की जरा. रोज उन्हाचं हिंडायलेत. पाय सुजलेत." मग आवाज जरा खाली घेऊन म्हणाल्या, "आन् ह्येंचं सवताचं नाव लिवलंय का तुम्ही? सगळ्यात पहिलं तेच हुतं यादीत. सवताचा फोन सवताला कोण लावतंय, म्हणून नंबर टाकला न्हवता."

पलीकडे फोन या हातातून त्या हातात गेला.

"हाव," आप्पा म्हणाले. "मीच की."

मी हसायला लागले आणि डोळ्यांत पाणी आलं, दोन्ही एकदमच. बेचाळीस जण नातवंडांसकट पाठ असलेला माणूस स्वतःला विसरून उन्हात स्वतःलाच हुडकत होता.

"ऱ्हाऊ द्या ताई आता. पासष्टीच्या म्होरं घेत न्हाईत. त्या ओळीचा उपेग काय?"

"गट सांगा, आप्पा."

"ओ निगेटिव्ह," ते म्हणाले. "पयले मी एकटाच जायचो. एकदा एक बाई अशीच अडली हुती, मला ताप हुता, जाता आलं न्हाई. ती बाई ऱ्हायली न्हाई मग. तवापासून यादी केली."

मी सगळ्यात वर त्यांची ओळ घातली. नाव, गाव, गट. फोनच्या रकान्यात नंबर टाकला. तो त्यांना विचारावा लागला नाही.