गोविंदरावांचा संगणक मी कसा वाचवला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं किती कठीण, ते तुला ठाऊक आहे. पण आधी थोडी फुशारकी मारू दे. त्याशिवाय मला हे सांगताच येणार नाही.

मोडलेली रजिस्ट्री मी परत उभी केली आहे. रजिस्ट्री म्हणजे संगणकाची आठवण — कुठला प्रोग्रॅम कुठे आहे, कसा चालवायचा, सगळं तिच्यात. ती बिघडली की यंत्र सुरूच होत नाही. आमच्या ऑफिसातली मंडळी अशा वेळी सरळ सगळं पुसून नव्यानं भरतात. मी नाही पुसलं! काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा हातानं टाइप करत पाच बिघडलेल्या फायली काढल्या आणि त्यांच्या जागी जुन्या, चांगल्या प्रती बसवल्या. करून दाखवा म्हणावं कुणी.

संगणक गोविंदरावांचा. चेन्नईत, वेलचेरीला आमच्या समोरच्याच घरात राहणारे निवृत्त शिक्षक, तंजावरकडचे मराठी. घरातली जुनी बोली आपल्यानंतर राहणार नाही, म्हणून ते तिचे शब्द जमवत होते. ते सांगायचे, त्यांची सून ललिता टाइप करायची. ललिता मैलापूरची, तमिळ घरातली. मराठी ती त्या खुर्चीवर बसूनच शिकली — इतकी, की माझ्या सातारी बोलण्याची नक्कल करायची. टायपिंगचा प्रोग्रॅम मात्र फार जुना. दुसऱ्या संगणकावर ती अक्षरं म्हणजे नुसत्या रेघोट्या.

एका शनिवारी ते सगळे तांबरमला लग्नाला गेले. रविवारी सकाळी परतल्यावर ललितानं संगणक लावला, तो सुरूच होईना. गोविंदरावांनी मला हाक मारली आणि माझ्यादेखत तिच्यावर कडाडले, "अस्की गेलं की! कसाला हात लावलीस?" अस्की म्हणजे सगळं.

"मी काही केले नाही, मामा," ती म्हणाली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मी संगणकातला माणूस ना — मला कळणारच. मी काय म्हणालो? "चुकून काहीतरी दाबलं गेलं असेल." अगदी समजूतदार आवाजात.

मग दोन रविवार मी तिथेच ठाण मांडून. तो संगणक नवा प्रोग्रॅम घालण्याआधी आपल्या आठवणीची एक प्रत काढून ठेवायचा. तशा कितीतरी प्रती सापडल्या, नुसते आकडे असलेल्या फोल्डरांमध्ये. मी त्यातली नेमकी एक उचलली. यंत्र सुरू झालं, सगळे शब्द जागच्या जागी! गोविंदरावांचे डोळे भरून आले. "इतक्यातून तेच बरोबर कसं वळखलास रे?" ते आठवलं की माझी छाती आजही फुगते.

कसं ओळखलं? — लग्नाला जाताना झाडांना पाणी घालायला ते किल्ली माझ्याकडे ठेवून गेले होते. संगणक फार रखडतो, म्हणून शनिवारी संध्याकाळी मी न विचारता त्यात एक सफाईचा प्रोग्रॅम घातला. त्यानं दाखवलेलं सगळं न वाचता पुसलं. यंत्र बंद पडलं, परत उठलं नाही. मी झाडांना पाणी घातलं, कुलूप लावलं आणि घरी आलो. मी शोधली ती प्रत त्याच संध्याकाळची होती. दुरुस्तीनंतर पहिलं काम काय केलं असेल? त्या सफाईच्या प्रोग्रॅमचं फोल्डर पुसून टाकलं.

ललिता परत त्या खुर्चीवर बसली नाही. गोविंदरावांचे हात थरथरतात, त्यांना टाइप करता येत नाही. शब्दांची यादी 'प'वर थांबली आहे. सात वर्षं झाली. मी गेलो की ती कॉफी आणून देते, दोन शब्द तमिळमध्ये बोलते. मराठी नाही.

संगणक अजून चालतो. गोविंदराव आल्यागेल्याला माझी दुरुस्ती कौतुकानं दाखवतात आणि मला अजूनही अभिमान वाटतो, हेही खरंच आहे. पण ललितानं काहीही दाबलं नव्हतं. संगणक मी बिघडवला होता, आणि ती माझ्याकडे पाहत होती तेव्हा मला ते माहीत होतं.